पोटरी दुखावल्यानंतर हिवाळ्यातली हाफ मॅरेथॉन

नाशिकला हिवाळ्यात पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो आणि निफाडकडे तो त्याहूनही घसरतो. त्या वेळी द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवून किंवा पहाटे ठिबक चालू करून वेली जपत असतात. धावणाऱ्याला मात्र ही हवा मानवते. उन्हाळ्यात ज्या वेगाला धाप लागते तोच वेग थंडीत सहज निघतो, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्तीचे रक्त पाठवावे लागत नाही. दुखापतीतून उठलेल्याला खरा धोका इथेच असतो. छाती साथ देते, पाय हलके वाटतात, पण पोटरी आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन अजून तापलेले नसतात.

माझी उजवी पोटरी एकाच हिवाळ्यात दोनदा दुखावली. पहिल्यांदा चढावर वेग वाढवताना, आणि दुसऱ्यांदा, दहा दिवसांत दुखणे थांबले एवढ्यावर विसंबून, वॉर्मअप न करता थेट सात किलोमीटरला निघालो तेव्हा. दुसरा किलोमीटर संपता संपता मागून कोणीतरी दगड मारावा तशी कळ आली. मी रागाने वळून पाहिले, तर रस्ता रिकामा होता. पुढच्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉनचे 21.0975 किलोमीटर पूर्ण झाले, ते खालील पद्धतीने.

दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, असे समजू नये. सलग अर्धा तास भरभर चालून काहीही जाणवत नाही ना, हे आधी पाहावे. मग पायरीच्या कडेला एका चवड्यावर उभे राहून टाच सावकाश वर-खाली करावी. निरोगी पायाने पंचवीस वेळा जमत असेल आणि दुखऱ्या पायाने बारा वेळाच जमत असेल, तर धावण्याऐवजी काही आठवडे हाच व्यायाम करावा. त्यानंतरची सुरुवात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशा दहा फेऱ्यांनी, तीही एक दिवसाआड करावी. वेदनेला शून्य ते दहा गुण दिले तर तीनपर्यंतची कुरकुर चालू शकते, मात्र दुसऱ्या सकाळी ती मावळलेली असली पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावले. त्यांत लंगडणे आले, तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर घरगुती उपाय थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे, कारण ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याचे लक्षण असू शकते.

सलग अर्धा तास विनासायास धावता येऊ लागल्यावर शर्यतीसाठी किमान बारा आठवडे हाताशी ठेवावेत. आठवड्यातून तीन वेळा धावणे आणि एक दिवस सायकल पुरेशी होते. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत, दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे आणि सोळा ते अठरा किलोमीटरची सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकावी. बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढण्याचा मोह सर्वांनाच होतो. माझ्या पाहण्यात निम्म्या दुखापती त्यातूनच उलटतात.

थंडीतला वॉर्मअप घरातच सुरू करावा. जिन्यावर चढ-उतार, चवड्यांवर उठणे, भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणे यांना दहा-पंधरा मिनिटे द्यावीत आणि मग स्वेटर घालून बाहेर पडावे. गार स्नायू ताणून धरत उभे राहण्याने तो तापत नाही. शर्यतीच्या दिवशी आरंभरेषेवर अर्धा तास ताटकळावे लागले तर ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून टाकून देता येईल असा जुना स्वेटर सुरुवातीपर्यंत अंगावर ठेवावा. (आईने विणलेला नेऊ नये.) धावण्याचे कपडे असे असावेत की उभे असताना थोडे गार वाटेल. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि वेग मंदावताच अंगाला गारठा भरतो. पोटरी मात्र लांब टाइट्सने झाकावी.

किलोमीटरला सात मिनिटे हा वेग धरला तर शर्यत सुमारे 2 तास 28 मिनिटांत संपते. पहिले तीन किलोमीटर सात मिनिटे चाळीस सेकंदांनी काढले, तर सगळा तोटा दोन मिनिटांचा होतो. आजूबाजूचे लोक पुढे जात असताना हे जड जाते, पण माझी पोटरी दोन्ही वेळा याच टप्प्यात दुखावली होती.

थंडीत तहान कमी लागते आणि लघवीला जास्त होते, त्यामुळे तहानेची वाट न पाहता अधूनमधून घोट घ्यावेत. पण पाण्याच्या टेबलापाशी रेंगाळू नये, चालत राहून प्यावे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. ती इशारा दडपते, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना काही गोळ्यांचा मूत्रपिंडांवरही ताण येतो. वाटेत दुखण्यामुळे पाऊल वाकडे पडू लागले तर चालावे, आणि चार-पाच मिनिटे चालूनही फरक पडला नाही, तर बिब (छातीवरचा शर्यतीचा क्रमांक) काढून घरी जावे.

शर्यत संपल्यावर आधी कोरडे कपडे, नंतर पदक आणि फोटो. दहा मिनिटे तरी चालत राहावे. लगेच गाडीत बसून तासभर प्रवास केला तर उतरताना पोटरी आखडलेली असते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच दहा पावले टाकून पाहावीत. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर तो बहुधा नुसता शीण असतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. एकच पाय दुखत असेल, तर पायरीच्या कडेवरच्या त्या व्यायामापासून पुन्हा सुरुवात करावी.