बोलावणं आलं की वणव्यावर: इंजिन क्रू सांभाळताना

मी कोलोरॅडोत वणव्याच्या इंजिनावर (म्हणजे वणवा विझवायच्या पाण्याच्या गाडीवर) बॉस म्हणून जातो, तेही बोलावणं आलं तरच. त्यामुळे क्रू दर वेळी वेगळा. निघण्याआधी सगळ्यांची रेड कार्डं, म्हणजे वणव्यावर काम करायची पात्रता दाखवणारी कार्डं, बघा. यंदाची सुरक्षा-प्रशिक्षणाची उजळणी आणि ४५ पौंड पाठीवर घेऊन ४५ मिनिटांत ३ मैल चालायची चाचणी झालेली नसेल, तर माणूस कितीही ओळखीचा असो, गाडीत घ्यायचा नाही.

मग प्रत्येकाला पंप सुरू करून दाखवायला सांगा, बोलण्यावर जाऊ नका. चोक कोण विसरतो, व्हॉल्व्ह कोण, हे लगेच कळतं.

टाइप ६ इंजिनाच्या (हा छोट्या गाड्यांचा एक प्रकार) टाकीत किमान १५० गॅलन पाणी, म्हणजे साधारण ५७० लिटर. मिनिटाला ५० गॅलनने सोडलं तर तीन मिनिटांत खडखडाट! नोझलवाल्याला हात आखडता ठेवायला शिकवा. तळाचं थोडं पाणी गाडी वाचवायला राखा. ते संपवायची मुभा कोणालाच नाही, बॉसलाही.

आगीजवळ गाडी तोंड बाहेर करूनच लावा, किल्ली गाडीतच. टेहळणीला कोण, रेडिओचं चॅनेल कुठलं, पळवाट कोणती, सुरक्षित जागा कुठे, हे चारही प्रत्येकाकडून वदवून घ्या. नुसती मान हलवली तर पुन्हा विचारा. (‘हो हो’ म्हणण्यात इथली पोरंही पटाईत.)

दोन तास कामामागे एक तास विश्रांती. कामाच्या तासांचा क्रू टाइम रिपोर्ट त्याच रात्री भरा, पगार त्यावरच निघतो.