गाडीच्या नावातला आकडा म्हणजे सीसी नव्हे : या चुका टाळा

कोल्हापुरात सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस डिकीवरची अक्षरे आणि आकडे वाचूनच इंजिनाचा अंदाज बांधतो, आणि पुढे स्पेअर पार्ट घ्यायची वेळ आली की तोच अंदाज महागात पडतो. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळीच गोष्ट मोजत असतो, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे.

मारुतीच्या डिझेल गाड्यांवरील 'डीडीआयएस १९०' आणि 'डीडीआयएस २००' यांपैकी दुसरे इंजिन मोठे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोन्ही १२४८ सीसीचीच आहेत. आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा आहे, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. मात्र दोन्हींचे टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) वेगळे असल्यामुळे एकाचा टर्बो दुसऱ्यासाठी मागवू नये.

टाटांची जुनी नावे कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांच्या सिलिंडरचे बोअरिंग करणाऱ्यांना सहज उलगडतील, इतकी ती सरळ आहेत. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ९० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, धरून हिशेब केला की सुमोचे १९४८ सीसी बरोबर निघतात. इंडिकाचे ४७५ इंजिनही तसेच, ४ सिलिंडर आणि ७५ मिलिमीटर बोअरचे. या नावांना अश्वशक्ती समजू नये, आणि दुकानात नुसते 'सुमोचे पिस्टन द्या' असेही म्हणू नये, कारण पुढे सुमो गोल्डमध्ये २९५६ सीसीचे इंजिन आले.

टोयोटाच्या १जीडी आणि २जीडी या नावांत तर अंदाज उलटाच पडतो. सुरुवातीचा आकडा लिटरचा नसून त्या घराण्यातल्या इंजिनाचा अनुक्रम असतो. म्हणून फॉर्च्युनरचे १जीडी २७५५ सीसीचे आहे, तर इनोव्हा क्रिस्टाचे २जीडी २३९३ सीसीचे. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या ३३०आय मध्येही तीन नव्हे, दोनच लिटरचे इंजिन असते.

सगळ्यांत फसवी चूक म्हणजे सीसी सारखे असले की इंजिनही तेच, असे मानणे. २०२१ साली स्विफ्टमध्ये के१२एम या इंजिनाच्या जागी के१२एन आले. दोन्ही ११९७ सीसीची असली तरी के१२एनमध्ये प्रत्येक सिलिंडरला इंधन फवारणारे दोन इंजेक्टर असल्याने चाराऐवजी आठ लागतात, त्यामुळे स्विफ्ट कोणत्या वर्षाची हे न सांगता इंजेक्टरची किंमत विचारण्यात अर्थ नसतो.

म्हणून डिकीवरचा बिल्ला बाजूला ठेवून आरसी उघडावी. तिच्यावर सीसी, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दिलेला असतो, आणि मारुती व टोयोटाच्या इंजिन नंबरची सुरुवात बहुधा इंजिनाच्या प्रकारानेच होते. हा नंबर ब्लॉकवर कोरलेल्या नंबराशी मेस्त्रीसमोर ताडून पाहावा. तो जुळला नाही, तर इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झाल्याचा कागद हाती येईपर्यंत इसार देऊ नये.