अडकलेला स्पार्क प्लग: हेड शाबूत ठेवून कसा काढाल

गोव्यातले बरेचसे पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. त्यांचा ग्लो प्लग काढण्याची पद्धत वेगळी आहे. इथली माहिती सुपर कॅरी किंवा टाटा एसचं पेट्रोल मॉडेल अशा पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. या गाड्यांचं इंजिन सीटखाली असतं. इथे प्लग अडकतो त्याला पुष्कळदा हीच जागा कारण ठरते.

प्लग दोन ठिकाणी धरला जातो. वरून पाणी आणि गंज, खालून कार्बन. वरचं दुखणं किनारपट्टीवर जास्त. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर मासळी भरणारी गाडी रोज धुतली जाते, आणि धुणारा पाइप सरळ केबिनमध्ये सोडतो. पाणी सीटखाली उतरतं, कॉइलच्या (प्लगला वीज देणाऱ्या भागाच्या) बुटाचं, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या टोपीचं, रबर कडक झालेलं असलं तर प्लगच्या होलात साचतं. प्लगची बॉडी पोलादी, हेड (सिलिंडरवरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं, मध्ये खारट ओल. दोघं एकमेकांना चिकटायला एवढं पुरतं. डिचोली-सांगेकडच्या गाड्यांत त्याच होलात लाल मातीचा थर सापडतो. खालचा कार्बन मात्र कुठल्याही गावात जमतो: इंजिन ऑइल खात असेल तर, किंवा मागच्या वेळी जास्त लांब आट्यांचा प्लग बसवला असेल तर. मग दहनकक्षात डोकावणाऱ्या आट्यांवर काळी पुटं चढतात.

हत्यारं जमवा: रॅचेट, १० मिमीचा पाना, २५० मिमी लांब एक्स्टेंशन, रबर किंवा चुंबक असलेलं प्लग सॉकेट (१६ किंवा १४ मिमी, काही जुन्या इंजिनांना २१), टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल, कार्बोरेटर क्लीनर, हवेचा पंप आणि चष्मा. डब्ल्यूडी-४० हाताशी असलं तरी अशा कामाला खास पेनिट्रेटिंग ऑइलच घ्या. नवा प्लग मॅन्युअलमधल्या नंबरचाच घ्या. दुकानदाराने ‘हाही बसतो’ म्हटलं तरी जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी ताडून पाहा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. गरम हेडमधला प्लग हलका सुटेलसं वाटतं, पण गरम ॲल्युमिनियम मऊ असतं आणि आटे खरवडून येतात. सीएनजी गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, इंजिन लाइनमधल्या गॅसवर चालवून बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गॅसच्या गाडीत हेड तापवायला ब्लोलॅम्प लावणारे मिस्त्री अजून भेटतात. त्यांना तिथेच थांबवा.

सीट उचला, कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर ओढा. प्लगला हात लावण्याआधी होलात हवा मारून माती आणि पाणी बाहेर काढा. हे टाळलं तर प्लग निघताच सगळी रेती सिलिंडरमध्ये पडते.

आता सॉकेट पूर्ण खालपर्यंत बसवा. तिरकं बसलं तर चिनी मातीचा भाग तडकतो. एक्स्टेंशनला दुसऱ्या हाताने आधार द्या आणि जोर सावकाश वाढवत न्या. पुढचं सगळं प्लग काय सांगतो त्यावर ठरतं.

अजिबात हलत नसेल तर तो वरून धरलेला आहे. आधी थोडा घट्ट करायच्या दिशेला दाबून पाहा, गंजाची पकड पुष्कळदा तिथेच तुटते. नाही तुटली तर बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. अर्ध्या तासात घाई करणाऱ्याला आट्यांपर्यंत तेल पोहोचायला वेळच मिळत नाही.

पाव फेरा सुटून पुन्हा आवळत असेल तर पकड खाली, कार्बनची आहे. इथेच प्लग तुटतात, कारण ‘सुटला’ म्हणून माणूस जोर लावतो. सुटलेल्या फटीतून कार्बोरेटर क्लीनर सोडा, किमान १५ मिनिटं थांबा, मग अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत असं पुढे-मागे करत राहा. किंचाळल्यासारखा आवाज आला की परत आत फिरवा आणि आणखी क्लीनर द्या. एका प्लगला अर्धा तास लागला तरी लागू द्या. इम्पॅक्ट गन किंवा रॅचेटला लांब पाइप यातलं काहीही वापरू नका. अमेरिकेत फोर्डच्या ५.४ लिटर तीन-व्हॉल्व्ह इंजिनाचे प्लग याच कार्बनमुळे दोन तुकड्यांत तुटत म्हणून बदनाम झाले. आपल्याकडचे प्लग एकसंध असल्याने ते तुटण्याआधी बहुधा हेडचे आटे जातात, आणि तो खर्च प्लगच्या अनेक पट.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. ओलं काळं म्हणजे ऑइल जळतंय. नुसत्या होलात ऑइल दिसलं तर हेड कव्हरमधली प्लगची सील गेलीय. बॉडीवर गंज असेल तर कॉइलचं रबर बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर हेच काम पुन्हा.

आटे साफ करायला टॅप नव्हे, थ्रेड चेसर (जुने आटे नुसते साफ करणारं हत्यार) घ्या, कारण टॅप धातू कापतो. चेसरच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कचरा चिकटून बाहेर येतो. आटे गेलेच असतील तर घरी खटाटोप नको, हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवणाऱ्या लेथवाल्याकडे जा.

नव्या प्लगच्या टोकांमधलं अंतर फीलर गेजने तपासा. इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र हत्यार लावू नका. वरच्या टोकावर पेट्रोल पाइपचा तुकडा चढवून प्लग होलात सोडा, एकदा उलटा फिरवून आटा ‘टक’ करून बसल्याचं जाणवलं की सुलटा फिरवा. वाकडा जाऊ लागला तर पाइप घसरतो, आटे वाचतात. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच. नसेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरच्या १४ मिमी (हा आट्यांचा व्यास, सॉकेटचा नव्हे) प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. टॉर्क रेंच नसेल तर हाताने बसल्यावर नवा प्लग अर्धा फेरा.

आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) लावावं का, यावर गॅरेजांत वाद चालतात. प्लगला मुलामा असेल तर लावू नका. घसरण वाढते आणि तोच टॉर्क दाखवत प्लग प्रमाणाबाहेर ताणला जातो. ग्रीस लावायचंच तर कॉइलच्या बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

आधी पेट्रोलवर सुरू करा. इंजिन अडखळलं तर कॉइलचा कनेक्टर पाहा. प्लगपाशी फुसफुस ऐकू आली तर लगेच बंद करून, थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा. सगळं सुरळीत वाटलं की सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून गॅसवर न्या.