मालिश शिकायला निघालात? पहिल्या वर्षात काय काय समोर येतं

मालिश शिकायला लागलेल्या माणसाचं सगळ्यात आधी काही दुखायला लागत असेल, तर त्याचा स्वतःचा अंगठा. समोरच्याच्या पाठीत गाठ हाताला लागली की नवखा माणूस अंगठा ताठ करतो आणि खांद्यातला सगळा जोर त्या एका बोटावर आणतो. तो भार अंगठ्याच्या बुडाशी, मनगटालगतच्या सांध्यावर येतो. रोज चार-पाच जणांना असं दाबत राहिलं की काही महिन्यांत डब्याचं झाकणसुद्धा उघडवत नाही. पुष्कळ जण इथेच काम सोडतात आणि ‘आपल्या अंगात तेवढी ताकद नाही’ अशी स्वतःची समजूत घालतात. ताकदीचा प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा टेबल चुकीच्या उंचीवर असतं, पाय चुकीचे पडलेले असतात, आणि हातांपेक्षा अंगाचं वजन वापरायचं असतं हे कुणी नीट दाखवलेलं नसतं.

म्हणून सुरुवात टेबलापासून करा. टेबलाला लागून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत. खोल दाब द्यायचा असेल किंवा झोपलेला माणूस अंगाने भरलेला असेल तर टेबल दोन-तीन बोटं खाली घ्या. एक पाय पुढे, एक मागे, पुढचा गुडघा किंचित वाकलेला, कोपर जवळजवळ सरळ पण ताणलेलं नाही. आता दंडाने ढकलू नका. मागच्या टाचेवरचं वजन पुढच्या पायावर सरकू द्या, तळहात आपोआप पुढे जाईल. घरी वजनकाटा असेल तर तो टेबलावर ठेवून दोन्ही तऱ्हांनी दाबून पाहा. दंडाच्या जोराने दाबलं की काही सेकंदांत आकडा थरथरायला लागतो. अंग झुकवून दाबलं की तेवढाच आकडा निवांत टिकून राहतो. झोपलेल्या माणसाच्या पाठीला हाच फरक कळतो. थरथरता दाब मिळाला की स्नायू सावध होऊन आवळतात, स्थिर दाबाखाली सैल पडतात.

अंगठा चाचपण्यासाठी ठेवा. दाबायला तळहाताचं बूड, मुठीची पेरं आणि कोपराखालचा हाताचा रुंद भाग आहे. प्रत्यक्ष हात चालवण्याचं काम दिवसाला चार-पाच तासांच्या वर नेऊ नका, आणि दोन माणसांमध्ये किमान पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. नोकरी धरताना पगाराच्या आधी हे विचारून घ्या. दिवसाला आठ जण करायला लावणारी जागा तुमची मनगटं दोन वर्षांत संपवते.

शिकण्याच्या वाटा साधारण तीन. आयुर्वेदिक केंद्रात पंचकर्म सहाय्यक म्हणून, स्पामध्ये थेरपिस्ट म्हणून, किंवा फिजिओथेरपीची पदवी घेऊन. पहिल्या वाटेत कोणतं तेल, किती दिवस, पुढे स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम काढणं, द्यायचं का, हे वैद्य ठरवतात आणि तुम्ही ते हाताने अमलात आणता. दुसरीत ब्यूटी अँड वेलनेस क्षेत्राचे कौशल्य-अभ्यासक्रम आहेत. तिसरी लांबची, पण निदान आणि उपचार यांचा अधिकार तीच देते. कोणताही आठवडाभराचा वर्ग तुम्हाला ‘हाड बसवणारा’ करत नाही. मानेला झटका देऊन कडकड आवाज काढायला जर कुणी त्या वर्गात शिकवत असेल तर तो वर्ग सोडा. मानेतून मेंदूकडे जाणारी रोहिणी अशा झटक्याने फाटू शकते, आणि त्यातून पक्षाघात होतो.

आता प्रत्यक्ष माणूस समोर आल्यावर. एका तासाच्या मालिशीआधीची सात-आठ मिनिटं बोलण्याची असतात, आणि नवखे लोक नेमकी हीच वाचवायला बघतात. काय दुखतंय, कधीपासून, शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह, रक्तदाब, ताप, त्वचेवर काही उठलंय का, गरोदरपण, जेवून किती वेळ झाला. पोटभर जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. आयुर्वेदातही अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. ‘उसण भरली’, ‘शीर आखडली’, ‘नस दबली’ असं लोक म्हणतात तेव्हा शब्दावर विसंबू नका, बोट ठेवून जागा दाखवायला सांगा. कमरेच्या दुखण्याबरोबर पायातली ताकद गेली असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्या माणसाला टेबलावर न घेता थेट रुग्णालयात पाठवायचं.

पोटरीविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या कामातला सगळ्यात मोठा धोका तिथे असतो. माणूस म्हणतो, पोटरीत गोळा आलाय, जोरात दाबून मोकळा करा. तुम्ही दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एकच सुजलेली आहे का? हाताच्या पाठीने स्पर्श करा: ती दुसरीपेक्षा गरम लागते का? लालसर, तकतकीत दिसते का? अलीकडे लांबचा प्रवास, प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालंय का? अशा वेळी खोलातल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगा. आपल्याकडे बाळंतिणीला मालिश करण्याची पद्धत घरोघर आहे आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे बाळंतिणीच्या पोटऱ्या रोज हात लावण्याआधी बघायच्या. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही, घरातली मोठी माणसं कितीही म्हणोत.

ताप, नायटा, गळू, उघडी जखम असेल तर मालिश पुढे ढकला. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाबाने काळेनिळे डाग उठतात. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांच्या बरगड्यांवर अंगाचं वजन टाकायचं नाही. कर्करोगाचा उपचार चालू असेल किंवा गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील तर डॉक्टरांना विचारून. पुढच्या महिन्यांत कुशीवर झोपवून, गुडघ्यांमध्ये उशी देऊन. आणि मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाला तेल पोळतंय हे कळतच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ‘गरम वाटतंय का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. तेल किती गरम आहे ते तुम्हीच तपासायचं.

तेल ३८ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर सुखद कोमट. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा. थेट गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्येही नको, तिथे वरचं तेल कोमट आणि मधलं चटका देणारं निघतं. तेल नेहमी आधी आपल्या तळहातावर घ्या, पाठीवर ओतू नका. साध्या मालिशीला पाठीला दोन चमचे, म्हणजे १० मिली, आणि पूर्ण अंगाला ४० ते ५० मिली पुरतं. केसाळ अंगाला थोडं जास्त, नाहीतर केस ओढले जातात आणि कातडीवर बारीक पुरळ उठतं. अभ्यंगात तेल अंगात जिरवायचं असतं, तिथे १०० मिलीच्याही वर जातं. तीळतेल सगळ्यात जास्त वापरात, खोबरेल उन्हाळ्यात बरं वाटतं आणि थंडीत साधारण २४ अंशांखाली गोठतं. तिळाची ॲलर्जी असणारे लोक असतात. बोलणं सुरू करतानाच हातावर एक थेंब चोळून ठेवा, बोलणं संपेपर्यंत तिथे खाज किंवा लाली दिसली तर तेल बदला. उशिरा उठणारी ॲलर्जी यात कळत नाही, म्हणून विचारणंही आलंच.

चादरीचा नियम एकच: ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा. पाय करताना चादर मांडीखाली घट्ट खोचायची, वळायला सांगताना ती दोन्ही हातांनी वर धरून स्वतः दुसरीकडे बघायचं. कपडे किती काढायचे हे झोपणारा ठरवेल, आणि तो कपडे बदलताना तुम्ही खोलीबाहेर. पालथं झोपवल्यावर घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी, उताणं झोपवल्यावर गुडघ्यांखाली. ही गुंडाळी विसरली की कंबर ताणलेली राहते आणि माणूस तासाभराने ‘आलो त्यापेक्षा जास्त दुखतंय’ म्हणत उठतो.

हाताच्या मूळ हालचाली पाच: लांब सरकता हात, मळणं, एका जागी घासणं, थापटणं आणि कंप देणं. ‘स्वीडिश’ म्हणून त्या शिकवल्या जातात आणि १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था उभारणाऱ्या पेर हेन्रिक लिंग यांचं नाव घेतलं जातं. या हालचालींना फ्रेंच नावं देऊन केलेली मांडणी मात्र डच डॉक्टर योहान मेझगर यांची मानली जाते. नावं पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा. आधी सरकता हात, मग मळणं, मग कुठे अडकलंय तिथे खोल, आणि पुन्हा सरकत्या हाताने शेवट. थंड स्नायूवर थेट खोल गेलात तर तो झटकन आवळतो. हातापायांवर जोर हृदयाच्या दिशेने, परतताना हात हलका, पण उचलायचा नाही. मणक्यांवर थेट दाब नको, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. शेवटच्या बरगड्यांखाली मूत्रपिंडांवर थापटायचं नाही, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबायचं नाही.

तासाचा हिशेब करून ठेवा: पाठ १६ मिनिटं, पाय मागून प्रत्येकी सहा, पुढून प्रत्येकी पाच, हात प्रत्येकी चार, मान-खांदे-डोकं आठ. उरलेला वेळ वळण्यात जातो. नवख्यांच्या पाठीलाच अर्धा तास लागतो आणि मग उजव्या पायाला जे मिळालं ते डाव्याला मिळत नाही. झोपलेल्या माणसाला हे हमखास कळतं.

‘जोरात दाबा’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. तालमीतली मालिश ज्यांनी घेतली आहे ते तर नक्कीच. त्यांना शून्य ते दहामध्ये दाबाचा आकडा विचारा आणि पाच-सहावर राहा. तोंडाने ‘चालेल’ म्हणत असतील पण श्वास रोखला असेल, पायाची बोटं आत वळली असतील, मूठ आवळली असेल तर दाब जास्त झालाय. शब्दापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा.

फायद्यांबद्दल लोक तुम्हाला विचारतील, तेव्हा खरं तेवढंच सांगा. आखडलेले स्नायू सैल होतात, बेचैनी कमी होते, त्या रात्री झोप चांगली लागते, कमरेचं साधं दुखणं काही काळ हलकं होतं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी करायच्या उपायांमध्ये शेकाबरोबर मालिशही आहे, मात्र तिच्यामागचा पुरावा कमी ताकदीचा असल्याचंही तिथे नोंदलं आहे. व्यायामानंतरचं अंगदुखणं थोडं कमी होतं. पण ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे खोटं, ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात शरीर स्वतःच हटवतं. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हेही नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

काशाच्या वाटीचं उदाहरण घ्या. तळपायाला तूप लावून वाटी गोल गोल फिरवत राहिलं की दहा-बारा मिनिटांत तळवा करडा-काळपट होतो आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असं सांगितलं जातं. तो रंग वाटीचा असतो. काशात तांबं आणि कथील असतं. घासल्याने निघालेले धातूचे बारीक कण आणि तूप-घामातल्या आम्लाशी त्यांची होणारी प्रक्रिया यातून ती काजळी येते. वाटी फिरवल्याने पाय मात्र खरोखर हलके वाटतात, डोळ्यांवर पेंग येते, आणि एवढं सांगण्यासारखं पुरेसं आहे. जे काम खरोखर चांगलं आहे त्याला खोट्या आधाराची गरज पडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. आज काजळी दाखवून विश्वास मिळवला, तर उद्या ‘मालिशीने साखर उतरते’ म्हणणाऱ्याला तुम्ही कोणत्या तोंडाने अडवणार?

झाल्यावर माणसाला लगेच उठवू नका. कुशीवर वळू द्या, मिनिटभर पाय सोडून बसू द्या. तासभर झोपून झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरून भोवळ येते, तेलकट तळव्यांनी फरशीवर पाय घसरतो. तळवे आधी पुसा. अंग दुसऱ्या दिवशी थोडं ठणकू शकतं हे आधीच सांगून ठेवा. दोन दिवसांच्या पुढे ठणकत राहिलं तर दाब जास्त झाला होता, ते त्याच्या नोंदीत लिहा.

सीमेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आयुर्वेदिक केंद्रांत पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री अशीच पद्धत असते. इतर ठिकाणी आधी विचारलं जातं. कुणी सूचक बोललं, हात लावायचा प्रयत्न केला, तर हसून टाळू नका. हात उचला, ‘मालिश इथेच थांबवत आहे’ एवढं म्हणा आणि खोलीबाहेर या. मुलाखतीतच विचारा की अशा वेळी मालक कुणाच्या बाजूने उभा राहतो. उत्तर द्यायला तो चाचरला तर तिथे रुजू होऊ नका.

आणि दिवसाच्या शेवटी तेलाचे टॉवेल. ते गठ्ठा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, ड्रायरमधून गरम गरम काढून घडी घालून तर मुळीच नाही. कापडात राहिलेलं वनस्पती तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, गठ्ठ्यात ती अडकते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात भिजवा, नीट धुवा, पसरून वाळवा. धुतल्यावरही खवट वास येत असेल तर तेल निघालेलं नाही. पुन्हा धुवा, आणि तरीही वास राहिला तर तो टॉवेल पुन्हा कुणाच्या अंगाखाली घालू नका.