बॉयलरवर नव्याने लागताय? आधी इंधन कसं जळतं ते समजून घ्या

लातूर-जालना-परभणीकडच्या तेलगिरण्या, कारखान्यांत फायरमन (बॉयलरमध्ये इंधन टाकून आग सांभाळणारा) म्हणून लागलेल्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतात: प्रेशर पडू देऊ नको. ते का पडतं, हे सहसा कुणी सांगत नाही. इंधन नीट जळलं नाही की उष्णता कमी मिळते, वाफ कमी होते आणि प्रेशर पडतं.

सुरुवात लोणारी कोळशापासून करा, कारण तो जवळजवळ नुसता कार्बन. एक किलो कार्बन पूर्ण जळाला की सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि त्याला साधारण साडेअकरा किलो हवा लागते. हवा कमी पडून तो कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला, तर हाती येतात जेमतेम २,२००. कोळशाचा थर फार जाड केला तरी हेच होतं: खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि पुन्हा मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायू जळतोय. वर हवा नसेल तर तो तसाच चिमणीतून जातो, ना धूर ना वास. म्हणून चिमणी स्वच्छ दिसते एवढ्यावर खूश होऊ नका. गॅस अ‍ॅनालायझर (चिमणीतल्या वायूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) असेल तर ऑक्सिजन ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मोनॉक्साइडचा आकडाही बघा.

पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनच्या भुसकटाची ब्रिकेट (दाबून केलेले ठोकळे) यांचं गणित उलटं. त्यांचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग तापल्यावर वायू होऊन उडतो आणि जाळीच्या (ज्या सळ्यांवर इंधन जळतं तिच्या) वर जळतो. त्यामुळे नुसती खालची हवा वाढवून भागत नाही, वरचीही लागते. एकदम फावडेच्या फावडे ओतले की वायूचा लोंढा उठतो, हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो आणि बॉयलरच्या ट्यूबांवर (नळ्यांवर) काजळी बसते. थोडं-थोडं, पण वरचेवर टाका.

ओल हा खरा चोर. बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) निम्मं पाणीच असतं आणि प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला ६०० किलोकॅलरी जातात. पावसात भिजलेली ब्रिकेट तर फुगून भुगा होते. शंका आली की १०० ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के ओल.

शेतातल्या इंधनाच्या राखेत पोटॅश असतं, त्यामुळे ती लवकर वितळून क्लिंकर (राखेचा कडक गठ्ठा) धरते. त्याखाली जाळीला हवेचा गारवा मिळत नाही आणि सळ्या वाकतात. क्लिंकर कोवळा असतानाच सळईने मोडा. तापलेल्या जाळीवर पाणी मारू नका, तिचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

रात्री आग दाबून ठेवली असेल तर सकाळी दार घाईने उघडू नका. आत मोनॉक्साइड साचलेला असू शकतो; हवा मिळताच भडका दाराबाहेर येतो. आधी डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप) उघडा, आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) काही मिनिटं चालू द्या, आणि मग दाराच्या बाजूला उभं राहून ते हळूहळू उघडा.