निकाल चांगला, तरी शेअर का पडला? तिमाही निकालांच्या काळात या चुका टाळा

म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथे अलीकडे डिमॅट खाते उघडलेल्या अनेकांना एकच कोडे पडते: कंपनीचा नफा वाढला, मग शेअर का पडला? अपेक्षित नफा भावात आधीच धरलेला असतो आणि निकालानंतर भाव हलतो तो अपेक्षा व प्रत्यक्ष यांतील तफावतीमुळे. हे ध्यानात न घेता केवळ मथळा वाचून खरेदी करणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

16 जानेवारी 2024 रोजी बाजार बंद झाल्यावर एचडीएफसी बँकेने डिसेंबर तिमाहीचा निकाल जाहीर केला. निव्वळ नफा सुमारे 33 टक्क्यांनी वाढून 16,372 कोटी रुपयांवर गेला होता. तरीही दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे 8 टक्क्यांनी कोसळला. जुलै 2023 मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झालेली असल्यामुळे आदल्या वर्षाशी केलेली ती तुलना मुळातच दिशाभूल करणारी होती, आणि जाणकारांची नजर ठेवींच्या मंद वाढीवर व 3.4 टक्क्यांवर थबकलेल्या व्याजमार्जिनवर (मिळणारे व द्यावे लागणारे व्याज यांतील फरकावर) होती. म्हणून निकालपत्रक हाती येताच ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ या ओळी, तसेच तक्त्याखालील बारीक अक्षरांतील टिपा आधी वाचाव्यात. जमीन विकून आलेला नफा पुढच्या तिमाहीत पुन्हा येत नाही.

तुलना कोणत्या तिमाहीशी करावी, हे गोमंतकीयांना वेगळे समजावण्याची गरज नसावी. पावसाळ्यातील रिकाम्या खोल्या आणि नाताळातील गर्दी आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा हॉटेल कंपनीची डिसेंबर तिमाही सप्टेंबर तिमाहीशी ताडून ‘जबरदस्त वाढ’ म्हणणे व्यर्थ आहे. ती मागील वर्षीच्या डिसेंबर तिमाहीशीच ताडावी.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक किमतीला उतरताच शेअर विकण्याची ऑर्डर, लावला म्हणजे आपण सुरक्षित, हाही गैरसमजच आहे. निकाल बाजार बंद झाल्यावर आला, तर सकाळी 9:15 वाजता भाव थेट खालच्या पातळीवर उघडतो आणि लावलेल्या किमतीपेक्षा बराच कमी दर मिळतो. कमी उलाढालीच्या शेअरला लोअर सर्किट (दिवसभरात भाव घसरण्याची कमाल मर्यादा) लागल्यास खरेदीदारच नसतो व ऑर्डर तशीच पडून राहते. निकालाच्या आदल्या दिवशी ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क) घेणाऱ्यांची गत याहून वाईट असते, कारण त्या हक्काची फुगलेली किंमत, म्हणजे प्रीमियम, निकाल लागताच उतरते आणि दिशेचा अंदाज बरोबर ठरूनही पैसे जाऊ शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरील ‘आतली बातमी’ पूर्णपणे वर्ज्य समजावी. तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तास उलटेपर्यंत कंपनीतील संबंधित व्यक्तींना शेअरचे व्यवहार करण्यास बाजार नियामक सेबीची मनाई असते, ती अशा आतल्या माहितीचा गैरवापर होऊ नये म्हणूनच.

हातातील शेअर निकालानंतर पडलाच, तर घाईने विकण्यापूर्वी किंवा सरासरी करण्यापूर्वी (म्हणजे पडलेल्या भावात आणखी शेअर घेण्यापूर्वी) व्यवस्थापनाने पुढील काळाविषयी काय सांगितले ते पाहावे. 12 एप्रिल 2013 रोजी इन्फोसिस एका दिवसात सुमारे 21 टक्क्यांनी घसरला. त्याचे मुख्य कारण येत्या वर्षासाठी दिलेला 6 ते 10 टक्के वाढीचा अंदाज हे होते. बाजाराने त्याहून अधिक गृहीत धरले होते.