हापूसची घाई कशी आवरायची आणि मे महिन्यात पोटभर कसा खायचा

जानेवारी-फेब्रुवारीत वाशी मार्केटला कोकणातल्या पहिल्या पेट्या उतरतात, फोटो फिरायला लागतात आणि घरात लगेच कुणीतरी म्हणतं, आणूया का एक. तेव्हा आंबे अगदी मोजके असतात कारण फक्त पहिल्या मोहोराचे आलेले असतात, आणि आपण जो जादा पैसा देतो ना तो चवीचा नसतो, पहिला मिळाल्याचा असतो.

१९७५ मध्ये अमेरिकेत स्टीफन वॉर्शेल या मानसशास्त्रज्ञाने बिस्किटांचा एक प्रयोग केला होता, एका बरणीत १० आणि एकीत २, बिस्किटं तीच. लोकांना २ वालं जास्त हवंसं वाटलं, आणि आधी १० असून डोळ्यादेखत २ झाली तेव्हा तर अजूनच. पण चवीला मात्र जास्त मार्क कुणी दिले नाहीत! पेटी बुक करायच्या आधी हे एकदा आठवा.

मग करायचं काय, तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा येऊ द्या. अक्षय तृतीयेच्या आदल्या दोन-तीन दिवसात घेऊ नका, नैवेद्यासाठी सगळेच घेतात त्यामुळे भाव चढलेला असतो. मे मध्ये आवक वाढली की बहुतेक वर्षी भाव सुरुवातीच्या निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो, आणि फळ झाडावर नीट भरलेलं असतं.

ऑनलाइन घेताना "फक्त ३ पेट्या शिल्लक" दिसलं तर पान बंद करून दुसऱ्या दिवशी परत बघा, आकडा तोच असेल तर समजून जा. अशी खोटी घाई दाखवायला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२३ मध्ये मनाई केलीय.

विक्रेत्याला गाव विचारा. हापूसचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना आहे, आणि कर्नाटकातला हापूसही देवगडच्या नावाने विकला जातो, म्हणून नुसतं पेटीवर छापलेलं वाचून पैसे देऊ नका. देठाजवळ वास घ्या. साल जराशी सुरकुतलेली असेल तर ते फळ खराब नसतं उलट गोड निघतं, पण साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेला, बाहेरून कळत नाही, म्हणून पहिल्यांदा एकच डझन घ्या, कापून बघा, पटलं तरच पेटी. कच्चे आले तर पेंढ्यात किंवा पेपरात ठेवा, रोज हात लावून बघा आणि पिकतील तसे काढा.

एक मर्यादा मात्र घरात मुद्दाम ठेवा. आमच्याकडे अक्षय तृतीयेला देवाला दाखवल्याशिवाय आंबा कापत नाहीत, आणि त्या दिवशीच्या आमरस-पुरीची वाट मुलं महिनाभर बघतात, ती मजा फेब्रुवारीत महागाची पेटी आणून कधीच आली नाही. रस डब्यात भरून फ्रीझरला टाकायचाच तर दोनच डबे टाका, एक गणपतीला काढा आणि एक दिवाळीला.